वाचक विचारतात: रोमन पुतळ्यातला जोड कसा ओळखायचा?

प्रश्न : २०२५ साली शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये टोर्लोनिया या रोमच्या घराण्याच्या खासगी संग्रहातले रोमन संगमरवरी पुतळे पाहिले. नाक-हात इतके शाबूत कसे? त्यातलं मूळचं किती?

उत्तर : शंका रास्त आहे. नाक, बोटं, हात आधी तुटतात. ते शाबूत दिसले की जोड शोधायचा. मान, मनगट, गुडघा बाजूने पाहा. नैसर्गिक तडा वेडावाकडा जातो. जुने कारागीर मात्र तुटलेली बाजू सपाट कापून नवा तुकडा बसवत, म्हणून सांधा सरळ रेघेसारखा दिसतो. आत लोखंडी खुंटी असे. ती गंजली की फुगते, दगड तडकतो आणि सांध्यापाशी तांबूस डाग उमटतो. दगडाचा कणही पाहा : ग्रीसच्या पारोस बेटाचा संगमरवर खडीसाखरेसारखा चमकतो, इटलीतल्या काराराचा पिठीसाखरेसारखा बारीक. एकाच पुतळ्यात दोन्ही दिसले, तर जोडाची शक्यता दाट.

पण जोड म्हणजे नक्कल नव्हे. याच संग्रहातल्या बसलेल्या बोकडाचं धड प्राचीन, डोकं सतराव्या शतकातलं, इटालियन शिल्पकार बर्निनीच्या हातचं मानलं जाणारं. खरं तर नजर आधी डोक्यावरच जाते!

पायाशी असलेला झाडाचा बुंधा मात्र बहुधा मूळचाच असतो. ब्राँझच्या पोकळ मूर्तीला तो लागत नाही. संगमरवराचे घोटे एवढं वजन पेलत नाहीत.