बार्बाडोस राहू दे, अमावस्या बघ

एडिसन, न्यू जर्सी
२३ ऑगस्ट २०२६

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. बार्बाडोसचं हॉटेल, २४ डिसेंबर ते १ जानेवारी, तू आणि आई-बाबा, आणि खाली 'मावशी, बुक करून टाकू ना?' थांब जरा. कार्ड पर्समध्येच राहू दे.

हॉटेल सुरेख आहे, वाद नाही. भारतीय पासपोर्टवर तिथे फिरायला जायला व्हिसा लागत नाही, हेही तू बरोबर शोधलंस. पण जाण्याचं पाहिलंस, येण्याचं पाहिलं नाहीस. तुझ्या एच-वन-बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, पासपोर्टवरचा शिक्का मार्चमध्येच संपला ना? कंपनीने मुदत वाढवून घेतली, नवा आय-७९७, म्हणजे मंजुरीचा कागद, आला, त्यावर तू इथे राहतेस, नोकरी करतेस, सगळं रीतसर आहे. पण तो कागद घरात राहण्याचा आहे, दारातून आत येण्याचा नाही. एकदा देशाबाहेर पाऊल टाकलंस की परत येताना पासपोर्टवर चालू शिक्का हवा, आणि तो कॉन्सुलेटमध्येच मिळतो. तुझी मैत्रीण जुन्या शिक्क्यावर कॅनडाला जाऊन आली म्हणतेस, तेही खरं आहे. कॅनडा आणि मेक्सिकोसाठी तीस दिवसांच्या आतली एक सवलत आहे. विद्यार्थ्यांच्या एफ व्हिसाला ती क्युबा सोडून आसपासच्या बेटांनाही लागू होते, एच-वन-बीला होत नाही. दोन वर्षांपूर्वी विद्यार्थिनी असताना गेली असतीस तर गोष्ट वेगळी होती. आई-बाबांचा दहा वर्षांचा व्हिसा चालू आहे, म्हणजे ते दोघं परत येतील आणि तू ब्रिजटाउनच्या विमानतळावर उभी राहशील, असा हा बेत आहे.

फ्लोरिडाहून निघणाऱ्या स्वस्त क्रूझच्या जाहिराती तुलाही दिसत असतील. तिथेही तेच. जहाज परक्या बंदराला लागलं की तू देशाबाहेर.

म्हणून माझं म्हणणं, पोर्तो रिकोला जा. १८९८ साली स्पेनकडून अमेरिकेकडे आलेलं बेट. १९१७ पासून तिथली माणसं अमेरिकेची नागरिक. नेवार्कहून साधारण चार तासांचं विमान, आणि ते देशांतर्गत. इमिग्रेशनची रांग नाही, डॉलर तोच, फोनचा प्लॅन तोच. तरी तिघांचे पासपोर्ट आणि तुझा आय-७९७ मूळ प्रतीत जवळ ठेव, कुणी विचारलं तर दाखवता आला पाहिजे. तिकीट काढण्याआधी कंपनीच्या वकिलाला एक ईमेलही टाक. मी वकील नाही, पंचवीस वर्षं कागद सांभाळलेली बाई आहे. आणि तिथे गेल्यावर कुणी 'शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकला एक रात्र जाऊन येऊ' म्हणालं, तर मान हलवून नको म्हण.

आता तारखा. २४ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा सोडून दे. मी एकदा ती चूक केली आहे. दोन मुलं, चार बॅगा, आणि २४ तारखेच्या संध्याकाळी पोर्तो रिकोच्या राजधानीत, सान हुआनला, उतरलो. भाड्याच्या गाडीच्या काउंटरवरची मुलगी फार गोड हसून म्हणाली, बुकिंग आहे, गाडी नाही. टॅक्सीने हॉटेल गाठलं तर आसपासचं सगळं बंद. त्या रात्री तिथे प्रत्येक जण आपल्या घरी जेवतो. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हॉटेल शोधत फिरावं तसं झालं. आम्ही पेट्रोल पंपावरचे केळ्याचे वेफर्स खाऊन झोपलो. दोन वाजता शेजारच्या दारावर गिटार, खंजिरी आणि वीसेक माणसांचा गळा! मला वाटलं भांडण. ती पारांदा होती. मंडळी झोपलेल्या घराच्या दारात जाऊन गाणी म्हणतात, घरवाले उठून खाऊपिऊ घालतात, मग त्यांनाही सोबत घेऊन पुढच्या घरी. माझा नवरा चादर डोक्यावर ओढून 'यांना उद्या ऑफिस नाही का' एवढंच म्हणाला.

मुद्दा असा की तिथली नाताळ २५ तारखेला संपत नाही, १ जानेवारीलाही नाही. मोठा दिवस ६ जानेवारी, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा. ५ तारखेच्या रात्री मुलं खोक्यात गवत भरून पलंगाखाली ठेवतात, राजांच्या घोड्या-उंटांसाठी. सकाळी गवत गेलेलं आणि भेट आलेली. म्हणजे तू २ जानेवारीला, शनिवारी, निघालीस तरी सण तुला पुरेपूर मिळतो. इथून जाणारी गर्दी तोवर परतीला लागलेली असते आणि भावही उतरू लागतात. तुझी सुट्टी ४ ते ८ अशी पाचच दिवस जाईल. २५ ते १ तुमचं ऑफिस तसंही सुस्त असतं. त्या आठवड्यात काम कर, मॅनेजर खूश होईल.

दुसरं कारण तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात टांगलेलं असेल. कॅलेंडर. त्या बेटावर रात्री चमकणारं पाणी आहे. हात घातला की निळसर ठिणग्या उडतात; पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा तो उजेड. कोकणात कधीमधी लाटा निळ्या दिसतात त्याच जातीचा प्रकार, पण इथे ठरावीक खाड्यांमध्ये जवळजवळ वर्षभर. तो बघायला काळोख लागतो. यंदा २३ डिसेंबरला दत्तजयंतीची पौर्णिमा आहे, म्हणजे तुझ्या बार्बाडोसच्या आठवड्यात चांदणं भरलेलं. आणि ७ जानेवारीला अमावस्या! तुझी आई अमावस्येला प्रवास नको म्हणेल. तिला सांग, प्रवास दोन तारखेलाच उरकला, त्या रात्री फक्त होडीत बसायचं आहे.

अशा खाड्या तीन. व्हिएकेस बेटावरची मॉस्किटो बे सगळ्यांत तेजस्वी, पण तिथे आधी सेइबा बंदराहून फेरीबोट आणि मग कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी. फाहार्दोलाही मुख्यतः कयाकच. आईचा गुडघा बघता तिसरी निवड, नैऋत्येची ला पार्गेरा, तिथे मोटारबोटीने नेतात. तिघींत ती फिकी आहे, हे लपवत नाही; म्हणून तर अमावस्या हवी. तिथे पाण्यात उतरूही देतात, बाकी दोन्हीकडे बंदी आहे. व्हिएकेसचा मोह तुला होईल. पण ती फेरीबोट आधी तिथल्या रहिवाशांची आहे. २०१७ च्या मारिया वादळात त्यांचं हॉस्पिटल गेलं, त्यानंतर कित्येक वर्षं उपचारांसाठी समुद्र ओलांडावा लागला. सणाच्या दिवसांत लोक बाजारहाट घेऊन घरी जात असतात. जागा मिळाली नाही म्हणून खिडकीवर आवाज चढवणारे पर्यटक मी पाहिले आहेत. आपण त्यांतले नको.

तेव्हा रस्ता असा धर. पहिले तीन दिवस जुनं सान हुआन. निळसर विटांचे रस्ते, एल मोर्रो किल्ला. बाबांना जंजिरा आठवेल आणि ते एक तास भिंतीची जाडी मोजत बसतील, बसू दे. किल्ल्यासमोरच्या मैदानावर पतंग उडवतात, संक्रांतीच्या आधीच. ५ तारखेला डोंगर ओलांडून दक्षिणेला पोन्से, दीड-दोन तास. ६ ला जवळच्या हुआना दियास गावात तीन राजांची मिरवणूक, १८८४ पासूनची. ७ ला ला पार्गेरा. ९ ला परत. वर्षावनात जायचंच असेल तर सान हुआनला असताना एल युंकेची एक सकाळ काढ आणि रेनकोट ने. तिथला 'थोडा पाऊस' आपल्या आंबोलीसारखा असतो.

आणखी एक. तुला कॅरिबियन समुद्र हवा आहे, पण सान हुआनपुढे अटलांटिक आहे. हिवाळ्यात उत्तरेच्या किनाऱ्यावर मोठ्या लाटा येतात आणि पाणी आत ओढतं. आई-बाबांना तिथे गुडघ्यापुढे जाऊ देऊ नकोस. पाय सोडून बसायला पूर्वेचा लुकियोचा किनारा बरा. दक्षिणेला गेलात की खरा कॅरिबियन, सहसा निवांत.

जेवण. हा भाग नीट वाच. 'सिन कार्ने' म्हटलंस की तुला वाटेल शाकाहारी सांगितलं. तसं नाही. कार्ने म्हणजे बऱ्याच जणांच्या लेखी फक्त गाईचं मांस. कोंबडी आणि हॅम त्यात मोजतच नाहीत. म्हणून 'सिन पोयो, सिन हामोन'ही म्हण आणि 'मांतेका' म्हणजे डुकराची चरबी आहे का ते विचार. राजम्यासारख्या घेवड्याच्या वाटीतही हॅमचे तुकडे असू शकतात. हिरव्या केळ्याचे चपटे तळलेले तोस्तोनेस, पिकलेल्या केळ्याचे आमारियोस, भात, अवाकाडो, यावर आईचं निभतं. पहिल्या दिवशी गाडी घेतली की सुपरमार्केट गाठ, आणि स्वयंपाकघर असलेलीच खोली घे.

कारण तिथे तिला एक गंमत सापडणार आहे. त्यांच्या नाताळच्या भातात गांदुलेस घालतात. गांदुलेस म्हणजे आपले सोले! तुरीचे ओले दाणे. तूर मूळची आपल्याकडची, आफ्रिकेवरून गुलामांच्या जहाजांबरोबर त्या बेटांवर पोचली आणि आता तिच्याशिवाय त्यांचा सण होत नाही. त्यांच्या भातात डुकराचं मांस असतं, तो आईने खायचा नाही. पण दाणे विकत आण, आणि अमरावतीहून आणलेला गोडा मसाला बॅगेत असेलच. जानेवारीत सोलेभात, तोही समुद्राकाठी. गोडात आरोस कोन दुल्से माग. भात, नारळाचं दूध, दालचिनी, मनुका. ती म्हणेल, नारळीभातच आहे, वेलदोडा विसरलेत. कोकितो मात्र नारळाचं दूध दिसतं म्हणून बाबांच्या हातात देऊ नकोस, त्यात रम असते. निदान आईसमोर नको.

गाडी आजच बुक कर, विमानाच्याही आधी. पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये, वेगमर्यादा मैलांत आणि पेट्रोल लिटरवर, तेव्हा गोंधळू नकोस. खोलीवाल्याला दोनच प्रश्न विचार: जनरेटर आहे का, पाण्याची टाकी आहे का. वीज तिथे बेभरवशाची आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला पहाटे जवळजवळ अख्खं बेट अंधारात गेलं होतं. बाबांना लोडशेडिंगचा अनुभव आहे, ते डगमगणार नाहीत, पण तुझी एसीची सवय मला माहीत आहे. डासांचं मलमही घे. येताना विमानतळावर कृषी खात्याचे लोक बॅगा तपासतात. बरीच ताजी फळं-भाज्या नेऊ देत नाहीत, तेव्हा आईला ओले सोले लपवून आणायला देऊ नकोस. ती आणेल.

बार्बाडोस पळून जात नाही. शिक्का झाला की जा, केन्सिंग्टन ओव्हलवर मॅच असेल तेव्हा जा, बाबांना घेऊन.

येत्या रविवारी जेवायला ये. आय-७९७, आय-९४ (देशात आल्याची नोंद) आणि तिघांचे पासपोर्ट घेऊन ये, एकदा माझ्या डोळ्यांखालून जाऊ देत. आणि येताना पटेलकडून फ्रोझन तुरीचे दाणे आण, दोन पाकिटं.

तुझी,
मावशी