विषारी दारू आणि दृष्टी

प्रश्न : २०१५ साली मुंबईतील मालवणीत मिथेनॉल (एक विषारी अल्कोहोल) मिसळलेल्या दारूने १०० हून अधिक बळी घेतले. मिथेनॉल पोटात गेल्यावर दृष्टी काही तासांनी का जाते?

उत्तर : मूळ मिथेनॉल तुलनेने कमी घातक असते, यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर (एन्झाइम) त्याचे फॉर्माल्डिहाइड करते, त्यापासून लगेच फॉर्मिक आम्ल बनते आणि फोलेट या ब-जीवनसत्त्वाच्या साहाय्याने त्याचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करण्याची माणसाची क्षमता तोकडी असल्याने ते साचून दृष्टिचेतेला (डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूला) इजा करते. म्हणजे खरे विष शरीरच घडवते, आणि त्याला वेळ लागतो. हेच विकर नेहमीच्या दारूतील इथेनॉलला अधिक पसंती देत असल्याने रुग्णालयात (घरी मुळीच नव्हे) इथेनॉल किंवा या विकराला रोखणारे फोमेपिझोल हे औषध देऊन हे रूपांतर थोपवतात आणि गरजेनुसार डायलिसिसने मिथेनॉल व फॉर्मिक आम्ल दोन्ही काढतात.