शंका-समाधान : एका सहीला २२ पेने

प्रश्न : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विधेयकावर सही करताना पेनांचा ढीग लागतो. एका सहीला इतकी पेने कशाला? आपले राष्ट्रपती असा समारंभ का करत नाहीत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ती पेने वाटायची असतात. विधेयकासाठी खस्ता खाल्लेले खासदार, चळवळीतले कार्यकर्ते यांना प्रत्यक्ष सही झालेले पेन द्यायचे, तर प्रत्येक पेन कागदाला टेकलेच पाहिजे. ओबामांनी २३ मार्च २०१० रोजी आरोग्यविमा कायद्यावर २२ पेनांनी सही केली. त्यांचे नाव इंग्रजीत ११ अक्षरांचे, म्हणजे अक्षरामागे सरासरी दोन पेने! अर्धे अक्षर काढायचे, पेन ठेवायचे, दुसरे उचलायचे. अशी सही तुटक दिसणारच. जॉन्सन यांनी २ जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला ७० हून अधिक पेने वापरली. त्यातले एक मार्टिन ल्यूथर किंग यांना मिळाले. धाकट्या बुश यांची पद्धत सुटसुटीत : सही एकाच पेनाने, भेट म्हणून कोरी पेने.

कायद्याला यातले काहीच लागत नाही. संसदेचे अधिवेशन चालू असेल आणि रविवार सोडून १० दिवसांत राष्ट्राध्यक्षांनी विधेयक परत पाठवले नाही, तर सहीविनाही कायदा होतो. त्या मुदतीत संसद उठली, तर मात्र सहीवाचून विधेयक बारगळते.

आपल्याकडे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, त्यामुळे कायद्याचे श्रेय मिरवण्याचा प्रश्नच नाही. अनुच्छेद १११ नुसार ते संमती देतात, रोखतात किंवा विधेयक फेरविचारासाठी परत पाठवतात (धनविधेयक परत पाठवता येत नाही). परत आलेले विधेयक संसदेने पुन्हा मंजूर केले, की संमती रोखता येत नाही. घटनादुरुस्तीला तर १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीपासून संमती द्यावीच लागते. गंमत अशी, की संमतीला दिवसांची मर्यादाच अनुच्छेदात नाही. संमतीनंतर कायदा राजपत्रात छापला जातो. महाराष्ट्र विधिमंडळाचे विधेयक अनुच्छेद २०० प्रमाणे राज्यपालांकडे जाते. ते राष्ट्रपतींसाठी राखूनही ठेवू शकतात.

सह्यांचा मोठा सोहळा आपल्याकडे झाला तो राज्यघटनेचा, २४ जानेवारी १९५० रोजी. संविधान सभेच्या २८४ सदस्यांनी सह्या केल्या. ते पान जरूर पाहा : नेहरूंची सही मजकुराच्या इतकी जवळ आहे, की अध्यक्ष राजेंद्र प्रसादांची सही वरच्या चिंचोळ्या जागेत तिरकी बसवलेली दिसते.