अणुवस्तुमान अपूर्णांकात का येते?

प्रश्न : क्लोरीनचे अणुवस्तुमान ३५.५ देतात. त्यातून १७ प्रोटॉन वजा केले की १८.५ उरतात. मग केंद्रकात अर्धा न्यूट्रॉन असतो का?

उत्तर : नाही. ३५.५ वस्तुमानाचा क्लोरीनचा एकही अणू कुठे सापडणार नाही. निसर्गातला क्लोरीन दोन समस्थानिकांचे मिश्रण आहे. प्रोटॉन दोन्हींत १७च. न्यूट्रॉन मात्र एकात १८, दुसऱ्यात २०. म्हणून त्यांचे अणुवस्तुमानांक ३५ आणि ३७. न्यूट्रॉन काढायचे तर वजाबाकी या अंकांतून करायची, तक्त्यातल्या सरासरीतून नव्हे. काही विद्यार्थी ३५.५ चे ३६ करून १९ न्यूट्रॉन लिहितात. तसा क्लोरीन-३६ आहे, पण तो किरणोत्सारी असून निसर्गात नगण्य आढळतो.

आता सरासरी. (३५ + ३७) ÷ २ केले तर ३६ येतात, कारण त्यात दोन्ही समस्थानिके सारख्याच प्रमाणात धरली जातात. प्रत्यक्षात क्लोरीन-३५ आहे ७५.७६ टक्के आणि क्लोरीन-३७ आहे २४.२४ टक्के. म्हणून भारित सरासरी घ्यायची :

३४.९६९ × ०.७५७६ = २६.४९३
३६.९६६ × ०.२४२४ = ८.९६१
बेरीज = ३५.४५

टक्क्यांना आधी १०० ने भागून घ्या आणि त्यांची बेरीज १ होते का ते पाहा. उत्तर दोन वस्तुमानांच्या मध्ये, आणि जे समस्थानिक जास्त आहे त्याच्या जवळ आलेच पाहिजे. ते कमी असलेल्या समस्थानिकाच्या जवळ आले, तर टक्केवारीची अदलाबदल झाली आहे असे समजा.

प्रश्न : तांब्याचे सरासरी वस्तुमान ६३.५४६ आहे. त्यावरून ६३ आणि ६५ या समस्थानिकांचे प्रमाण काढले, तर तांबे-६३ चे ७२.७ टक्के येतात. पुस्तकात ६९.२ आहे. चूक कुठे?

उत्तर : रीत बरोबर आहे, घेतलेले आकडे ढोबळ आहेत. ६३ आणि ६५ ही कणांची मोजणी आहे, वस्तुमाने नव्हेत. खरी वस्तुमाने ६२.९३० आणि ६४.९२८. ती वापरा :

(६४.९२८ − ६३.५४६) ÷ (६४.९२८ − ६२.९३०) = १.३८२ ÷ १.९९८ = ०.६९२

फरक ०.०७ इतकाच, पण भाजक जेमतेम २ असल्याने उत्तर साडेतीन टक्क्यांनी सरकते. सरासरी काढताना अणुवस्तुमानांक घेतले तर फारसे बिघडत नाही, क्लोरीनचे ३५.४८ येतात. उलट दिशेने प्रमाण काढायचे असेल, तर मात्र नेमकी वस्तुमानेच हवीत.

प्रश्न : प्रोटॉनचे वस्तुमान १.००७३ आणि न्यूट्रॉनचे १.००८७. दोन्ही १ पेक्षा जास्त, तरी तांबे-६३ चे वस्तुमान ६३ पेक्षा कमी कसे?

उत्तर : हा प्रश्न फार मोलाचा आहे. कार्बन-१२ घेऊन पाहू, कारण त्याचे वस्तुमान व्याख्येनेच नेमके १२ ठरवले आहे. त्याचे ६ प्रोटॉन, ६ न्यूट्रॉन आणि ६ इलेक्ट्रॉन सुटे मोजले तर बेरीज १२.०९९ भरते. हे कण एकत्र बांधले जाताना ऊर्जा बाहेर पडते आणि तेवढे वस्तुमान घटते. कार्बनमध्ये ही ऊर्जा सुमारे ९२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. तांब्याचे केंद्रक दर कणामागे याहूनही घट्ट बांधलेले असते, म्हणून ६३ कण मिळून ६२.९३० भरतात.

प्रश्न : अरगॉन (३९.९५) जड असूनही आवर्तसारणीत पोटॅशियमच्या (३९.१०) आधी का?

उत्तर : आवर्तसारणीतला क्रम प्रोटॉनच्या संख्येवर ठरतो : अरगॉन १८, पोटॅशियम १९. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या मोजमापांतून अणुअंकाला हा पाया दिला. अरगॉन जड भरतो, कारण हवेतला जवळजवळ सगळा अरगॉन हा अरगॉन-४० आहे, आणि तो खडकांतल्या पोटॅशियम-४० च्या ऱ्हासातून तयार झाला आहे.