एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पदार्थातले इलेक्ट्रॉन उडवून त्यांची ऊर्जा मोजायची पद्धत) प्लॅटिनमचं आलेखातलं शिखर एकाच बाजूला का ओघळतं? सॅम्पल खराब आहे का?

सॅम्पल बहुधा ठीक आहे. जास्त बंधनऊर्जेकडची (इलेक्ट्रॉन अणूला किती घट्ट बांधलाय त्या ऊर्जेची) ती शेपटी प्लॅटिनमच्याच मोकळ्या इलेक्ट्रॉनांची आहे. क्ष-किरणाने आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवला की तिथे अचानक धनभारित पोकळी उरते. ती झाकायला वहन-इलेक्ट्रॉन धावतात, पुण्यात स्वारगेटच्या पीएमपी बसमध्ये खिडकीची जागा रिकामी झाली की उभी गर्दी सरकते तसे. या धावपळीत फर्मी पातळीजवळचे (धातूतल्या भरलेल्या अवस्थांच्या वरच्या काठाजवळचे) काही इलेक्ट्रॉन थोडे वर ढकलले जातात आणि त्याची किंमत बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतून वजा होते, म्हणून तो जास्त बंधनऊर्जेचा दिसतो. धातूत वर जायला कितीही कमी ऊर्जा पुरते, म्हणून वेगळं शिखर न येता सलग शेपटी येते. डोनियाक आणि शुनयिच यांनी १९७० मध्ये याचं सूत्र दिलं. फिटिंगला (आलेखावर सूत्राची रेघ बसवायला) तेच घ्या. मी रोज हेच आलेख फिट करतो: सोन्याचं ८४ इव्हीचं (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) शिखर जवळजवळ सममित दिसतं, कारण फर्मी पातळीपाशी त्याच्या इलेक्ट्रॉन-अवस्था कमी. मात्र प्लॅटिनमच्या ७१ इव्हीच्या शिखरापुढे, ७२ ते ७४ च्या मध्ये वेगळा खांदा (शिखराला चिकटलेला फुगवटा) दिसला तर तो ऑक्साइडचा असू शकतो. तो शेपटीत खपवू नका, संशोधनाचे गाइड तेच आधी विचारतात.