घरचे सगळे दूध-तूपवाले, तरी व्हीगन पिझ्झाच्या हॉटेलात जावं का?

तुमचा प्रश्न असा: मुलगी व्हीगन झालीय, म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासूनचं काहीच खात नाही, वाढदिवसाला व्हीगन पिझ्झा आणि डेझर्ट मिळणाऱ्या हॉटेलात चला म्हणतेय, तुम्ही परभणीचे, घरात म्हशीचं दूध. पैसे वाया जातील का आणि मागवावं काय?

जा. फक्त चीजच्या आशेनं जाऊ नका.

मी मूळचा औसा तालुक्यातला, नोकरीमुळं बारा वर्षांपासून छत्रपती संभाजीनगरात. भाची इथंच शिकते, तिनं गेल्या वर्षी दूध सोडलं. तिच्या हट्टापायी मी आणि आई अशा एका हॉटेलात जाऊन आलो. आई एकाहत्तरची, वरणावर तूप नसलं की ताट पुढं सारणारी. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण थोडी तक्रारही करायचीय.

भाचीनं आधी मागवला 'चीज'वाला. गरम होता तोवर झकास दिसला, तुकडा उचलला तर थोडी तारही आली. आईनं बोटानं दाबून बघितलं. "दुधाचं न्हाई म्हणायलीस, मग हे चिकट कशानं झालंय?" वाढणाऱ्या पोराला सगळं तोंडपाठ होतं: भिजवलेल्या काजूचं वाटण, खोबरेल तेल आणि टॅपिओकाचा स्टार्च. टॅपिओका म्हणजे ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो तोच. हे मी सांगितल्यावर आई म्हणाली, "काजू, खोबरं, साबुदाणा. उपासाला चालतंय की रे हे, खालची पोळी तेवढी काढून दे."

पिझ्झावरच्या नेहमीच्या मोझरेला चीजला जी लांब तार सुटते ती दुधातल्या केसीन या प्रथिनामुळं. काजूत ते नसतं, म्हणून ताणायचं काम स्टार्चच्या गळ्यात पडतं, आणि ते त्याला अर्धंमुर्धंच जमतं. दुसरी गोष्ट खोबरेलाची. साधारण 24 अंशांच्या खाली ते थिजतं, हे थंडीत डोक्याला तेल लावणाऱ्या कुणालाही माहीत आहे. आम्ही नेमके एसीखाली बसलेलो. गप्पांत दहा मिनिटं गेली आणि उरलेल्या तुकड्यांवरचा थर मेणासारखा होऊन टाळूला चिकटायला लागला. मुलीनं हाच मागवला तर आल्या आल्या संपवा, टेबल एसीपासून लांबचं धरा. (मे महिन्यात परभणीला पार्सल नेलंत तर थिजायची काळजी नाही.)

दुसरा पिझ्झा मरिनारा, आणि तुम्ही हाच मागवा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्हचं तेल, एवढंच. व्हीगन लोकांसाठी चीज वजा करून केलेला हा प्रकार नाही, मुळातच तो असा आहे. युरोपीय संघानं 2010 मध्ये नेपल्सच्या पिझ्झाला पारंपरिक पदार्थ म्हणून मान्यता दिली, त्यात दोनच प्रकार आहेत, मार्गेरिटा आणि हा. इथं कुणी कशाची नक्कल करत नाही, म्हणून जिभेला काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. कड टम्म फुगलेली, तिच्यावर काळे डाग, निखाऱ्यावर शेकलेल्या भाकरीसारखे. आईनं लसणाचे काप वेचून वेचून खाल्ले आणि तिखट मागितलं. चिली फ्लेक्सची पुडी आली. "नुसत्या बियाच हायेत ह्यात," म्हणून तिनं ती पर्समध्ये टाकली.

कॉफी सोयाबीनच्या दुधाची होती, आमच्या लातूर भागाला सोयाबीन नवं नाही, पण कपात बघून आईला हसू आवरेना. चव ठीक. त्यावर पैसे घालू नका.

गोडाला मात्र हात आखडू नका. नारळाच्या दुधाचं केशर आंब्याचं आइस्क्रीम खाताना गाई-म्हशीच्या दुधाची आठवणही आली नाही. खरी मजा चॉकलेट मूसची. हलकं, फेसाळ, आणि तो फेस कसला तर छोले शिजवलेल्या पाण्याचा. ते दाट पाणी घुसळलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं. 2014-15 च्या सुमारास फ्रान्स आणि अमेरिकेतल्या हौशी लोकांना हे सापडलं आणि त्याला ॲक्वाफाबा असं नाव पडलं. भाची हे कौतुकानं सांगत होती, तोवर आई म्हणाली, "अगं, हा तर कट!" पुरणाची हरभरा डाळ शिजवून निथळलेलं पाणी, ज्याची आपण आमटी करतो. जवळपास बरोबरच होतं तिचं.

आता तक्रार. भाचीनं ब्राउनी अर्धी खाल्ल्यावर कळलं की वरचा पाक मधाचा आहे. मध व्हीगनला चालत नाही. काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, प्युअर व्हेज आहे." गोंधळ तिथंच होतो. आपल्या हिरव्या ठिपक्यात दूध, तूप, मध सगळं बसतं. पाकीटबंद व्हीगन मालासाठी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनं 2022 च्या नियमांत वेगळं चिन्ह आणलंय, पण ताटात आलेल्या पदार्थावर ते कुठून दिसणार? म्हणून ऑर्डर देतानाच विचारा: पिठात दूध पावडर आहे का, कडेला बटर लावता का, पाक कशाचा, डार्क चॉकलेटमध्ये दुधाचा अंश आहे का. वाढदिवस मुलीचा आहे, तिला ताटावर बसून विचारपूस करायला लावू नका, तुम्ही आधी फोन करून घ्या. घरात कुणाला काजूची ॲलर्जी असेल तर तेही तेव्हाच सांगा, कारण चीजपासून चीजकेकपर्यंत बऱ्याचदा काजूच असतो.

तिघांचं बिल साध्या पिझ्झाच्या हॉटेलात होतं त्याच्या दीडपट झालं. काजूचा भाव बघता मला ते फार वाटलं नाही, आईला वाटलं. चौघं असाल तर दोन मरिनारा, मुलीच्या मनाचा एक, आणि मूस प्रत्येकाला वेगळं घ्या. आम्ही एकच घेऊन चमच्यांची मारामारी केली.

होळीला घरी पुरण शिजलं तेव्हा भाचीनं वाटीभर कट मागून घेतला आणि बीटर लावला. फेस आला, पण पाच मिनिटांत खाली बसला, कारण कट पातळ होता. तो आधी आटवून गार करायला हवा होता. आईनं वाटी उचलली आणि आमटीत ओतली.