दाढ आणि ज्वालामुखी यांना एकच शब्द कसा?

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या दंततपासणीच्या कागदावर ‘कायमची दाढ इरप्ट होत आहे’ असा शेरा होता. भूगोलात हाच शब्द ज्वालामुखीसाठी येतो. त्याचा नेमका अर्थ काय आणि मूळ कोणते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शब्द दोन्हीकडे योग्यच आहे, कारण ‘इरप्ट’च्या मूळ अर्थात आग नाही, आवाज नाही आणि वेगही नाही, आत कोंडलेले काही वरचे आवरण फोडून बाहेर येते, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. लॅटिनमध्ये ‘ए’ म्हणजे बाहेर आणि ‘रुंपेरे’ म्हणजे फोडणे, तोडणे. रप्चर, करप्ट, इंटरप्ट हे शब्द याच धातूचे. त्यांपैकी इंटरप्ट तर आपल्या ‘बोलणे मध्येच तोडणे’ याच्याशी तंतोतंत जुळतो. वेढ्यात सापडलेले सैन्य दरवाजे उघडून शत्रूवर तुटून पडते, त्यालाही रोमन लोक ‘एरुप्तिओ’ म्हणत, आणि ज्यूलियस सीझरने लिहिलेल्या गॉलमधील युद्धांच्या वृत्तान्तात तो शब्द याच अर्थाने येतो. इंग्रजीत ‘इरप्शन’ हे नाम आधी रुळले, ‘इरप्ट’ हे क्रियापद सतराव्या शतकात आले.

मला या शब्दाचे सर्वाधिक अप्रूप वाटते ते त्याच्या संस्कृत भावंडामुळे. तोडणे, फोडणे या अर्थाचा ‘लुप्’ (लुम्पति) हा धातू ‘रुंपेरे’चा सगोत्र मानला जातो, म्हणजे आपले लोप आणि लुप्त हे शब्द इरप्टचे दूरचे नातलग ठरतात.

ज्वालामुखीसाठी आपण ‘उद्रेक’ म्हणतो. तो मात्र ‘रिच्’ धातूचा, म्हणजे रिक्त आणि अतिरेक यांच्या कुळातला, आणि त्यात फोडण्यापेक्षा मर्यादेबाहेर वाढण्याचा भाव आहे. म्हणून साथीचा उद्रेक, संतापाचा उद्रेक हे प्रयोग शोभतात. पण अंगावर पुरळ उठते, रडू फुटते आणि दात येतात. प्रत्येकाला स्वतंत्र क्रियापद असताना सगळीकडे उद्रेक लावणे मला पटत नाही.

फोडून बाहेर येणे म्हणजे काय, हे आपल्या साताऱ्यातच पाहता येईल. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर काळ्या कातळाचे जे थर एकावर एक दिसतात, ते सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आहेत. दख्खनचा हा लाव्हा मुख्यतः शंकूसारख्या शिखरांतून उसळला नाही, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर येऊन दूरवर पसरला.

एक सावधगिरी बाळगावी. इंग्रजीत आरंभी ‘आय’ आणि पुढे दोन ‘आर’ असलेला जवळजवळ याच उच्चाराचा शब्द आहे, पण त्याचा अर्थ उलट, म्हणजे आत घुसणे असा होतो. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. मुलाच्या कागदावरचा शेरा मराठीत असा लिहिता येईल : ‘कायमची दाढ हिरडी फोडून वर येत आहे.’